कायद्याचे निरसन, नियमांचे सातत्य : अन्न व औषध क्षेत्रातील संक्रमण

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



५ ऑगस्ट २०११ या दिवशी भारतातील अन्नविषयक कायद्याच्या इतिहासातील एक मोठे स्थित्यंतर घडले. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खाली तयार केलेले नियम आणि विनियम त्या दिवसापासून लागू झाले आणि अन्नभेसळ प्रतिबंध अधिनियम, १९५४ ची अर्धशतकाहून अधिक काळची राजवट संपुष्टात आली. परंतु त्या दिवशीही पहाटे दूध विक्रीस आले, बेकरीत पाव भाजला गेला, तेलाच्या घाण्या चालल्या आणि न्यायालयांत जुन्या कायद्याखालील खटल्यांची सुनावणी झाली. कायदा बदलला म्हणून यांपैकी काहीही थांबले नाही आणि थांबणे परवडणारेही नव्हते. दुधात स्निग्धांश किती असावा, हे सांगणारे मानक एक दिवसासाठी जरी अस्तित्वात नसते, तरी त्या दिवशी पाणी घातलेले दूध विकणाऱ्यावर कारवाई कोणत्या आधारे करावयाची, असा प्रश्न उभा राहिला असता. दुसरीकडे, कायदेशीर परवाना घेऊन व्यवसाय करणारा उत्पादक केवळ परवाना देणारा कायदा संपला म्हणून एका रात्रीत बेकायदा ठरला असता.

ही पोकळी निर्माण होऊ नये म्हणून प्रत्येक नव्या कायद्याच्या अखेरीस काही कलमे असतात. परीक्षेच्या तयारीत ती बहुधा वाचली जात नाहीत. त्यांचे शीर्षक असते ‘निरसन व व्यावृत्ती’. निरसन म्हणजे जुना कायदा रद्द करणे, आणि व्यावृत्ती म्हणजे रद्द करतानाच त्यातील काही बाबी जपून ठेवणे. अन्न व औषध हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे क्षेत्र आहे, कारण येथे सातत्याचा संबंध थेट नागरिकाच्या आरोग्याशी, व्यावसायिकाच्या उपजीविकेशी आणि आरोपीच्या स्वातंत्र्याशी येतो. या तिन्ही हितसंबंधांसाठी कायद्याने एकच नियम ठेवलेला नाही. मानके, परवाने आणि शिक्षा यांचे संक्रमण निरनिराळ्या तत्त्वांनी होते, हा या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

सातत्याची घटनात्मक बैठक

भारतात कायद्यांच्या सातत्याचा सर्वांत मोठा प्रसंग १९४७ ते १९५० या काळात उद्भवला. सत्तांतराच्या वेळी देशात शेकडो कायदे अंमलात होते. त्यांतच औषधांच्या गुणवत्तेवर नियंत्रण ठेवणारा १९४० चा औषधे अधिनियम होता. कर्नल आर. एन. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील औषध चौकशी समितीने १९३०-३१ मध्ये केलेल्या पाहणीची पार्श्वभूमी या अधिनियमास होती आणि त्याखालील नियम १९४५ मध्ये तयार झाले होते. भारतीय स्वातंत्र्य अधिनियम, १९४७ च्या कलम १८ ने त्या वेळचे कायदे आवश्यक त्या फेरबदलांसह चालू ठेवले. पुढे संविधानाच्या अनुच्छेद ३७२ ने, सक्षम विधिमंडळ बदल करीपर्यंत वा निरसन करीपर्यंत, संविधानपूर्व कायदे अंमलात राहतील असे सांगितले. या सातत्यास एक मर्यादाही होती. अनुच्छेद १३ नुसार मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला जुना कायदा त्या विसंगतीपुरता शून्यवत ठरतो. म्हणजे परकीय राजवटीत झालेला औषधांचा कायदा प्रजासत्ताकात आला तो संविधानाच्या कसोटीस उतरूनच.

अन्नभेसळ आणि औषधे हे दोन्ही विषय समवर्ती सूचीत आहेत. खाद्यपदार्थ व इतर वस्तूंतील भेसळ ही नोंद १८ आणि औषधे व विषे ही नोंद १९ होय. त्यामुळे या विषयांवर संसद व राज्य विधिमंडळे दोघेही कायदा करू शकतात. एका कायद्याची जागा दुसरा घेतो तेव्हा केंद्राचा जुना कायदा, राज्याचा समांतर कायदा आणि या दोहोंखालील नियम या सर्वांचा एकाच वेळी विचार करावा लागतो.

सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाची तीन कलमे

प्रत्येक कायद्यात सातत्याच्या तरतुदी नव्याने लिहाव्या लागू नयेत म्हणून सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ मध्ये काही सामायिक तत्त्वे दिलेली आहेत. त्यांपैकी तीन कलमे येथे महत्त्वाची आहेत.

कलम ६ नुसार, वेगळा हेतू दिसून येत नसेल तर, निरसनामुळे जुन्या कायद्याखाली पूर्वी घडलेल्या गोष्टींना, प्राप्त झालेल्या हक्कांना, ओढवलेल्या दायित्वांना आणि झालेल्या अपराधांबद्दलच्या शिक्षेला बाधा येत नाही. त्याविषयीचा तपास वा खटला जणू निरसन झालेच नाही अशा रीतीने चालू ठेवता येतो. कलम ८ अन्य कायद्यांतील उल्लेखांविषयी आहे. एखादा कायदा रद्द होऊन पुन्हा अधिनियमित झाला, तर इतर कायद्यांत असलेला जुन्या तरतुदीचा उल्लेख नव्या तरतुदीचा उल्लेख म्हणून वाचावयाचा असतो. कलम २४ नियम, अधिसूचना, आदेश व नेमणुका यांना जीवदान देते. मूळ केंद्रीय अधिनियम रद्द होऊन पुन्हा अधिनियमित झाला, तर जुन्या अधिनियमाखालील नियम नव्या तरतुदींशी विसंगत नसतील तेवढ्यापुरते चालू राहतात आणि ते नव्या तरतुदींखालीच केले आहेत असे मानले जाते.

नव्या कायद्याचा हेतू कसा ओळखावा, याचे मार्गदर्शन सर्वोच्च न्यायालयाने १९५५ च्या ‘पंजाब राज्य विरुद्ध मोहर सिंग’ या निर्णयात केले. नव्या कायद्याने जुने हक्क व दायित्वे स्पष्ट शब्दांत जपली आहेत काय, एवढेच पाहून भागत नाही. ती नष्ट करण्याचा हेतू नव्या कायद्यातून दिसतो काय, हे पाहावयाचे असते. मौन असेल तर सातत्य गृहीत धरले जाते.

या कलमांची व्याप्तीही ध्यानात ठेवली पाहिजे. कलम ६ केंद्रीय अधिनियमाच्या किंवा ‘रेग्युलेशन’च्या निरसनाबाबत बोलते, आणि तेथील ‘रेग्युलेशन’ हा शब्द विशिष्ट घटनात्मक अधिकाराखाली केलेल्या कायद्यासाठी आहे. एखाद्या प्राधिकरणाचे विनियम त्यात मोडत नाहीत. ‘कोल्हापूर केनशुगर वर्क्स विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात २००० साली घटनापीठाने स्पष्ट केले की, अधिनियमाखालील नियम रद्द झाल्यास कलम ६ चे संरक्षण आपोआप मिळत नाही. हा खटला उत्पादन शुल्काच्या नियमांविषयीचा होता. तथापि, नियमांच्या जागी नवे नियम आणताना व्यावृत्तीची तरतूद त्या नियमांतच लिहिण्याची दक्षता का घ्यावी लागते, हे त्यावरून उमगते.

१९५४ चा पूर्वप्रयोग

अन्नाच्या क्षेत्रात असे संक्रमण २०११ पूर्वीही एकदा झाले होते. १९५४ च्या अधिनियमापूर्वी अन्नभेसळीविषयी प्रांतोप्रांती निरनिराळे कायदे होते. मुंबई इलाख्यात १९२५ चा भेसळ प्रतिबंधक अधिनियम लागू होता. ठिकठिकाणची मानके व शिक्षा भिन्न असल्यामुळे सर्व देशासाठी एकच कायदा करण्याची गरज भासली आणि संसदेने अन्नभेसळ प्रतिबंध अधिनियम संमत केला. तो १ जून १९५५ पासून अंमलात आला.

त्याच्या कलम २५ ने राज्यांचे समांतर कायदे रद्द केले. त्याच कलमाने असेही सांगितले की, त्या कायद्यांखालील नियम, विनियम व उपविधी नव्या अधिनियमाशी विसंगत नसतील तोपर्यंत, नव्या नियमांनी बदल होईपर्यंत, चालू राहतील. नवा कायदा आला तरी त्याचे नियम येईपर्यंत जुन्या नियमांनी काम चालवावयाचे, ही रचना तेव्हाच रूढ झाली होती. २००६ च्या अधिनियमाने तीच रचना अधिक व्यापक प्रमाणावर वापरली.

एका छत्राखाली आठ व्यवस्था

२००६ च्या अधिनियमापुढील अडचण १९५४ पेक्षा अधिक गुंतागुंतीची होती. १९५४ चा अधिनियम आरोग्य मंत्रालयाकडे होता. त्याच्या जोडीला जीवनावश्यक वस्तू अधिनियमाखाली निघालेले अनेक आदेश निरनिराळ्या मंत्रालयांकडून राबविले जात. अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत रद्द करावयाच्या आठ नोंदी आहेत : अन्नभेसळ प्रतिबंध अधिनियम, १९५४, फळ उत्पादने आदेश, १९५५, मांसजन्य खाद्यपदार्थ आदेश, १९७३, वनस्पती तेल उत्पादने (नियंत्रण) आदेश, १९४७, खाद्यतेल वेष्टन (विनियमन) आदेश, १९९८, विद्रावक पद्धतीने काढलेले तेल, तेलविरहित पेंड व खाद्य पीठ यांविषयीचा १९६७ चा नियंत्रण आदेश, दूध व दुग्धजन्य पदार्थ आदेश, १९९२, आणि जीवनावश्यक वस्तू अधिनियमाखालील अन्नविषयक अन्य कोणताही आदेश.

या यादीत दोन गोष्टी विशेष लक्षणीय आहेत. पहिली अशी की, जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ स्वतः रद्द झाला नाही. मूळ अधिनियम कायम ठेवून त्याखालील अन्नविषयक आदेश तेवढे काढून घेण्यात आले. दुसरी गोष्ट वनस्पती तेलाच्या आदेशाची. हा आदेश १९४७ चा, आणि ज्या अधिनियमाखाली तो पुढे चालला तो १९५५ चा. म्हणजे आदेश आपल्या आधारभूत कायद्यापेक्षा वयाने मोठा आहे. १९५५ च्या अधिनियमातील व्यावृत्तीच्या कलमाने पूर्वीचे आदेश स्वतःखाली केलेले मानले, म्हणून हे शक्य झाले. निरसन आणि सातत्य यांची साखळी किती लांब असू शकते, याचे हे बोलके उदाहरण म्हणता येईल.

मुरंब्याच्या किंवा सरबताच्या बाटलीवरील ‘एफपीओ’ हे चिन्ह ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या बदलाची खूण ओळखीची वाटेल. ते चिन्ह १९५५ च्या फळ उत्पादने आदेशाचे होते. आता अशा वेष्टनांवर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक असतो.

कलम ९७, ९८ आणि ९९

केवळ सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमावर विसंबून एवढे मोठे संक्रमण पार पडले नसते. कलम २४ अधिनियमाच्या पुनरधिनियमनाची कल्पना करते. येथे तर एक अधिनियम आणि अनेक आदेश यांचे विलीनीकरण होत होते, संकल्पनाही बदलत होत्या. म्हणून २००६ च्या अधिनियमात स्वतंत्र तरतुदी करण्यात आल्या.

कलम ९७ निरसनाचे आहे. त्याच्या परंतुकाने जुन्या कायद्याखालील पूर्वीची कृत्ये, हक्क, दायित्वे, शिक्षा व तपास यांना संरक्षण दिले. राज्यांत समांतर कायदा असल्यास तोही निरसित होईल आणि त्यास सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे कलम ६ लागू होईल, असे पोटकलम (२) सांगते. पोटकलम (३) परवान्यांविषयी आहे. जुन्या अधिनियमाखाली वा आदेशाखाली दिलेले आणि अंमलात असलेले परवाने त्यांची मुदत संपेपर्यंत, जणू नव्या अधिनियमाखालीच दिले आहेत असे समजून, चालू राहतील. पोटकलम (४) ने मात्र एक मर्यादा घातली : अधिनियमाच्या प्रारंभापासून तीन वर्षे उलटल्यावर कोणतेही न्यायालय जुन्या कायद्याखालील अपराधाची दखल घेणार नाही.

कलम ९८ मानकांविषयी आहे. जुने अधिनियम व आदेश रद्द झाले तरी त्यांतील मानके, सुरक्षाविषयक आवश्यकता आणि अन्य तरतुदी नवी मानके विनिर्दिष्ट होईपर्यंत अंमलात राहतील. जुन्या कायद्याखाली केलेली कृती नव्या कायद्याच्या समरूप तरतुदीखाली केली आहे असे मानले जाईल.

कलम ९९ चा मार्ग वेगळा आहे. त्याने दूध व दुग्धजन्य पदार्थ आदेश, १९९२ यालाच प्राधिकरणाने केलेले विनियम असे मानले. म्हणजे तोच मजकूर नव्या नावाने नव्या कायद्यात आणण्यात आला आणि त्यात पुढे दुरुस्ती करण्याचा अधिकार प्राधिकरणास देण्यात आला.

या तीन कलमांतून सातत्याची तीन साधने दिसतात. परवान्यास त्याच्या मुदतीपुरते संरक्षण मिळते. मानक पर्याय येईपर्यंत तात्पुरते चालू राहते. आणि संपूर्ण आदेशाचे कधी कधी कायदेशीर कल्पनेने रूपांतर करण्यात येते. प्रश्नपत्रिकेत ‘व्यावृत्ती’ या एकाच शब्दाखाली या तिन्हींची सरमिसळ होण्याचा संभव असतो.

दुधाचे मानक

मानकांचे सातत्य व्यवहारात कसे चालते, हे दुधाच्या उदाहरणावरून समजते. १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंध नियमांच्या परिशिष्टात गायीच्या दुधातील स्निग्धांशाचे किमान प्रमाण राज्यनिहाय दिले होते. पंजाब व हरियाणात ते ४ टक्के, ओडिशात ३ टक्के आणि महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांत ३.५ टक्के होते. २०११ चे विनियम आले तेव्हा कायदा नवा असला तरी दुधाच्या तक्त्यात ही राज्यनिहाय विभागणी तशीच उतरली. पुढे विनियमांत दुरुस्ती होऊन गायीच्या दुधासाठी देशभर ३.२ टक्के स्निग्धांश आणि ८.३ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ असे एकच प्रमाण ठरविण्यात आले.

यावरून असे दिसते की कायदा बदलण्याचा दिनांक आणि मानक बदलण्याचा दिनांक एक नसतो. कायदा संसदेच्या एका निर्णयाने बदलतो. मानक बदलण्यास शास्त्रीय समित्यांचा अभ्यास, मसुदा, हरकती व सूचना आणि राजपत्रातील प्रसिद्धी हे टप्पे ओलांडावे लागतात. सातत्याचे कलम या दोन दिनांकांमधील अंतर भरून काढते.

तोच नियम, नवा अधिकार

जुना नियम नव्या कायद्यात आला की त्याचा अर्थ तोच राहतो, असे मात्र नेहमी घडत नाही. याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातील गुटखाबंदीचे आहे. राज्य शासनाने १ ऑगस्ट २००२ पासून पाच वर्षांसाठी गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली होती. ही बंदी १९५४ च्या अधिनियमाच्या कलम ७ खाली अन्न (आरोग्य) प्राधिकाऱ्याच्या अधिसूचनेवर आधारलेली होती. ‘गोदावत पानमसाला’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००४ मध्ये ती टिकू दिली नाही. राज्याच्या प्राधिकाऱ्याचा अधिकार स्थानिक व तात्पुरत्या आपत्तीपुरता आहे, सर्वसाधारण धोरण म्हणून दीर्घकाळ बंदी घालण्याचा स्वतंत्र अधिकार त्याला नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

अन्नपदार्थांत तंबाखू वा निकोटिन हा घटक म्हणून वापरता येणार नाही, असा नियम १९५५ च्या नियमावलीत समाविष्ट झालेला होता. २०११ मध्ये तो प्रतिबंध व निर्बंधविषयक विनियमांत जवळपास त्याच शब्दांत आला. तथापि नव्या अधिनियमाच्या कलम ३० ने राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्तांना जनहितार्थ एखाद्या अन्नपदार्थावर एक वर्षापर्यंत बंदी घालण्याचा स्पष्ट अधिकार दिला होता. जुन्या नियमाला या नव्या अधिकाराची जोड मिळाली आणि २०१२ मध्ये मध्य प्रदेशापाठोपाठ महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी गुटख्यावर बंदी घातली. नियमाचे वाक्य तेच होते, पण त्यामागील अधिकाराची चौकट बदलल्यामुळे परिणाम बदलला. म्हणून एखादा नियम ‘पुढे चालू राहिला’ असे वाचताना, तो आता कोणत्या कलमाच्या आधारे उभा आहे, हे तपासणे अगत्याचे असते.

शिक्षेचे संक्रमण

सातत्याचा सर्वांत नाजूक भाग शिक्षेचा आहे. १९५४ च्या अधिनियमाखाली ‘भेसळ’ या शब्दाची व्याख्या इतकी विस्तृत होती की, आरोग्यास अपायकारक नसले तरी मानकापेक्षा कमी उतरलेले अन्नही भेसळयुक्त ठरे आणि त्यास साधारणतः किमान सहा महिन्यांचा कारावास असे. २००६ च्या अधिनियमाने अन्नाचे असुरक्षित, कमी प्रतीचे आणि मिथ्याछाप असे वेगवेगळे वर्ग केले. कमी प्रतीच्या अन्नासाठी ५ लाख रुपयांपर्यंत व मिथ्याछाप अन्नासाठी ३ लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला आणि अशा प्रकरणांचा निर्णय अपर जिल्हा दंडाधिकाऱ्याहून कमी नसलेल्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे सोपविला. असुरक्षित अन्नामुळे मृत्यू झाल्यास मात्र किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद केली.

मग जुन्या कायद्याच्या काळात घडलेल्या अपराधाला कोणती शिक्षा द्यावयाची? संविधानाचा अनुच्छेद २० (१) एक बाजू निश्चित करतो : अपराधाच्या वेळी जेवढी शिक्षा होती, तिच्यापेक्षा अधिक शिक्षा नंतरच्या कायद्याने देता येत नाही. दुसरी बाजू न्यायालयांनी स्पष्ट केली. पश्चिम बंगालने १९७३ मध्ये राज्य दुरुस्तीने अन्नभेसळीची शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढविली होती. १९७६ मध्ये संसदेने केंद्रीय कायद्यात दुरुस्ती करून त्याच स्वरूपाच्या अपराधासाठी त्याहून सौम्य शिक्षा ठरविली. १९७५ मधील एका नमुन्यावरून उद्भवलेल्या ‘टी. बराई’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये निर्णय दिला की, राज्याची दुरुस्ती केंद्रीय दुरुस्तीमुळे गर्भितपणे निरसित झाली असून सौम्य झालेल्या शिक्षेचा लाभ आरोपीस मिळावा.

हेच तत्त्व अलीकडेही वापरण्यात आले. डिसेंबर २००० मध्ये साखरेच्या गोळ्यांचे नमुने घेतल्यावरून ‘ए. के. सरकार अँड कंपनी’ हा खटला उभा राहिला होता. माल भेसळयुक्त आढळला नव्हता, वेष्टनावरील आवश्यक माहिती अपुरी असल्याने तो मिथ्याछाप ठरला होता. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली, परंतु नव्या अधिनियमात अशा कसुरीस केवळ दंड आहे हे लक्षात घेऊन तीन महिन्यांच्या कारावासाऐवजी ५० हजार रुपयांचा दंड ठोठावला. तेवीस वर्षे चाललेल्या या प्रकरणात अपराध जुन्या कायद्याने सिद्ध झाला आणि शिक्षेचे माप नव्या कायद्याच्या दृष्टीने ठरले.

थोडक्यात, निरसनामुळे अपराध पुसला जात नाही, नव्या कायद्याची कठोरता मागे जात नाही, आणि सौम्यतेचा लाभ मात्र न्यायालय मागील प्रकरणास देऊ शकते.

औषधांचा वेगळा मार्ग

औषधांच्या क्षेत्रात संक्रमणाचा मार्ग वेगळा राहिला. येथे मूळ अधिनियम १९४० चाच आहे. १९६२ च्या दुरुस्तीने त्यात सौंदर्य प्रसाधनांचा समावेश झाला, १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदिक व युनानी औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. मूळ अधिनियम न बदलता त्याखालील १९४५ च्या नियमांतून एकेक विषय स्वतंत्र करण्यात आला. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियम मार्च २०१९ मध्ये आले आणि त्यांनी १९४५ च्या नियमांतील अनुसूची वाय मधील तरतुदींची जागा घेतली. सौंदर्य प्रसाधने नियम डिसेंबर २०२० मध्ये आले.

येथे नियमांच्या जागी नियम येत असल्याने व्यावृत्तीची तरतूद नियमांतच करावी लागली. वैद्यकीय उपकरण नियमांनी आधीचे परवाने त्यांची मुदत संपेपर्यंत किंवा नियम अधिसूचित झाल्यापासून अठरा महिन्यांपर्यंत, यांपैकी जे नंतर असेल तोपर्यंत वैध मानले. पुढे फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने सर्व वैद्यकीय उपकरणे १ एप्रिल २०२० पासून ‘औषध’ या व्याख्येत आणली गेली. परवान्याची सक्ती मात्र टप्प्याटप्प्याने झाली : ‘अ’ व ‘ब’ वर्गांसाठी १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि अधिक जोखमीच्या ‘क’ व ‘ड’ वर्गांसाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून. रुग्णालयांना लागणाऱ्या उपकरणांचा पुरवठा खंडित होऊ नये आणि नियंत्रणही प्रस्थापित व्हावे, असा दुहेरी उद्देश या टप्प्यांमागे दिसतो.

औषधे, वैद्यकीय उपकरणे व सौंदर्य प्रसाधने यांसाठी नव्या अधिनियमाचा मसुदा जुलै २०२२ मध्ये केंद्र शासनाने हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध केला होता. १९४० च्या अधिनियमाचे निरसन जेव्हा केव्हा होईल, तेव्हा आठ दशकांहून अधिक काळात साचलेले नियम, परवाने, अधिसूचना व प्रलंबित खटले यांची काळजी त्या नव्या कायद्याच्या अखेरच्या कलमांना घ्यावी लागेल. अन्नाच्या क्षेत्रातील अनुभव तेव्हा मार्गदर्शक ठरेल.

नव्या फौजदारी संहिता

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. अन्न व औषधांतील भेसळीविषयीची दंड संहितेतील कलमे २७२ ते २७६ नव्या संहितेत कलमे २७४ ते २७८ म्हणून आली आहेत. त्या दिनांकापूर्वी घडलेल्या अपराधास, नव्या संहितेच्या कलम ३५८ मधील व्यावृत्तीमुळे, जुनीच संहिता लागू राहते. त्याआधी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, ‘राम नाथ विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य’ या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, अन्न सुरक्षा अधिनियमाच्या कलम ८९ मधील अधिप्रभावी तरतुदीमुळे, असुरक्षित अन्नाविषयीचे कलम ५९ लागू होते तेथे दंड संहितेच्या कलम २७२ व २७३ खाली एकाच वेळी खटला चालविता येत नाही. दंड संहितेची कलमे नव्या क्रमांकांनी पुन्हा अवतरली असताना या निर्णयातील तर्क त्यांनाही लागू होतो काय, हा विधीच्या विद्यार्थ्याने कलम ८९ चे शब्द समोर ठेवून सोडवून पाहण्याजोगा प्रश्न आहे.

सातत्याची किंमत

सातत्याच्या तरतुदी आवश्यक असल्या तरी त्या निर्दोष नसतात. ‘नवे मानक येईपर्यंत जुने चालू’ या सवलतीत नवे मानक आणण्याची निकड कमी होण्याचा धोका असतो. दुधाच्या मानकाचे उदाहरण या दृष्टीनेही बोलके आहे. परवान्यांच्या बाबतीत, जुने परवाने व नोंदण्या नव्या व्यवस्थेत रूपांतरित करण्यासाठी २०११ च्या विनियमांनी एक वर्षाची मुदत ठेवली होती. ती पुढे अनेक वेळा वाढवावी लागली. देशभर पसरलेल्या लहान विक्रेत्यांपर्यंत नव्या कायद्याची माहिती पोहोचविणे, कार्यालयांत मनुष्यबळ उपलब्ध करणे आणि प्रयोगशाळा सज्ज ठेवणे या गोष्टी कायद्याच्या कलमाने आपोआप होत नाहीत. हातगाडीवर खाद्यपदार्थ विकणाऱ्याला कलम ९७ ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने कायद्याचे संक्रमण म्हणजे कोणत्या कार्यालयात, कोणता अर्ज, कधीपर्यंत द्यावयाचा एवढेच असते. हे त्याला वेळेवर सांगितले गेले नाही, तर कागदावर अखंड असलेले सातत्य त्याच्यापुरते खंडित होते.

म्हणून प्रशासनात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने कोणताही नवा कायदा वाचताना शेवटच्या पानावरून काही प्रश्नांची उत्तरे शोधावीत. कोणकोणते कायदे व आदेश रद्द झाले आणि कोणत्या दिनांकापासून? जुने नियम चालू आहेत काय, असल्यास केव्हापर्यंत? परवानाधारकास किती मुदत आहे? प्रलंबित खटल्यांचे काय होणार? आणि राज्याच्या कायद्यावर याचा परिणाम काय होणार? अन्न निरीक्षकाने घेतलेला नमुना न्यायालयात टिकतो की नाही, हे पुष्कळदा या उत्तरांवर अवलंबून असते. ती उत्तरे ज्या अधिकाऱ्यास ठाऊक असतात, त्याच्या कार्यक्षेत्रात कायदा बदलल्याच्या दिवशीही ग्राहकाला मापदंडानुसार दूध मिळते आणि प्रामाणिक विक्रेत्याचे दुकान उघडे राहते.